बँडकॅम्पवर आधी ऐका, मग पैसे टाका

अल्बम घ्यायची घाई करू नका, बँडकॅम्पवर (कलाकारांकडून थेट गाणी विकत घ्यायची वेबसाइट) बरीचशी गाणी अख्खी ऐकता येतात, तेही अकाउंट न काढता. तेच गाणं सारखं लावलं तर कधीकधी आता विकत घ्या अशी पाटी येते, तेवढं चालायचंच. मी पहिलं गाणं सोडून मधलीच ऐकते, पहिलं तर सगळेच भारी ठेवतात ना! आवडलं की विशलिस्टमध्ये टाका (इथं मात्र अकाउंट लागतं) आणि बँडकॅम्प फ्रायडेला (कंपनीने जाहीर केलेले ठरावीक शुक्रवार) घ्या, एरवी डिजिटल विक्रीत कंपनी साधारण १५ टक्के कापते, त्या दिवशी स्वतःचा वाटा सोडते. आणि हो, फुकट वाजतं ते १२८ केबीपीएसचं, म्हणजे कमी दर्जाचं एमपीथ्री असतं, त्यामुळे आवाज जरा दबका वाटला तर लगेच नाक मुरडू नका, विकत घेतल्यावर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) डाउनलोड करता येतं.