बंदुकीवर नाव दुकानाचं, बनवणारा भलताच: वाड्यातली जुनी बारा बोअर ओळखायची कशी आणि किंमत करायची कशी

आपल्याकडं सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या घरांत एकतरी दुनळी निघतेच, बहुतेक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). कुणाच्या आजोबांना इनामदारी होती, कुणाला रानडुकरांसाठी पीक संरक्षणाचं लायसन्स होतं, कुणाकडं संस्थानच्या काळातलं हत्यार चालत आलंय. आणि प्रत्येक घरात एकच गोष्ट ऐकायला मिळते, "आमची इंग्लंडची हाय, मॅन्टनची हाय, लाखात जाईल." जाईल की नाही ते नंतर बघू, पण आधी हे समजून घ्या की नळीवर जे नाव कोरलेलं असतं ते बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नसतंच, विकणाऱ्या दुकानाचं असतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर अडत्याचा शिक्का असतो म्हणून हळद काय अडत्यानं पिकवलेली नसते, तसंच हे.

ब्रिटिश काळात कलकत्त्याचे मॅन्टन अँड कंपनी, आर. बी. रोडा, लायन अँड लायन, मुंबईत आर्मी अँड नेव्ही, मद्रासला पी. ऑर अशी मोठमोठी दुकानं होती. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून माल मागवायचा आणि वर आपलं नाव घालायचं, सरळ धंदा. रोडा म्हणजे तेच, ज्यांची माऊझर पिस्तुलं १९१४ साली कलकत्त्यात क्रांतिकारकांनी पळवली. आर्मी अँड नेव्हीची मुंबईतली इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे. अमेरिकेतही हाच प्रकार, तिथं सीअर्स नावाचं दुकान जे. सी. हिगिन्स आणि नंतर टेड विल्यम्स या नावानं बंदुका विकायचं, माल हाय स्टँडर्डसारख्या कारखान्यांचा, आणि हिगिन्सच्या बंदुकीवर ५८३ नं सुरू होणारा नंबर दिसला की जाणकार लगेच ओळखतो की ही हाय स्टँडर्डची. फरक एवढाच की तिकडं दुकानाच्या नावाची बंदूक त्याच कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या बंदुकीपेक्षा सहसा स्वस्त जाते आणि आपल्याकडं दुकानाच्या नावालाच लोक भुलतात.

आता हात लावायच्या आधी एक गोष्ट. बंदूक लायसन्सवाल्याच्या नावावर असेल आणि तो स्वतः समोर असेल तरच उघडून बघायची, नाहीतर लायसन्सवाल्या आर्म्स डीलरकडं बघायची. माळ्यावर सापडली, आजोबा वारले, लायसन्सचा पत्ता नाही, असं असेल तर ती पोत्यात गुंडाळून मित्राला दाखवायला मोटरसायकलवरनं न्यायची नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणं अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक डीलरकडं जमा करायची असते. जमा केली म्हणजे गेली असं नाही, वारसानं अर्ज करून आपल्या नावावर लायसन्स मागता येतं. पावती मात्र घ्या, आणि पावतीवर नुसतं "बारा बोअर बंदूक एक नग" असलं काही लिहून घेऊ नका, नंबर, नाव, नळीची लांबी, दस्त्याला कुठं तडा आहे हे सगळं लिहायला लावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेल्या बंदुका परत घेताना पण हीच भांडणं होतात, देताना चकचकीत असते आणि परत येताना गंज चढलेला, आणि लिहिलेलं काहीच नसतं.

बरं, ओळखायचं कसं. आधी वरची कडी बाजूला करून बंदूक उघडा, दोन्ही नळ्यांत काडतूस नाही हे डोळ्यानं बघा आणि बोट घालूनही बघा. मग पुढचा लाकडी तुकडा, ज्याला फोरएंड म्हणतात, तो काढला की नळ्या सुटून हातात येतात. आता नळी उलटी करा. मागच्या टोकाला खालून जो सपाट भाग असतो ना, तिथं खरी कुंडली आहे. तिथं बहुतेक वेळा काळा चिकट थर असतो कारण लोक खोबरेल तेल चोळतात आणि ते थंडीत थिजून धूळ धरतं. बंदुकीचं नाहीतर शिलाई मशीनचं तेल मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हातानं पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको. पुसता पुसता मुकुटाचं छोटं चित्र दिसायला लागतं आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं. हे प्रूफ मार्क, म्हणजे ही नळी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जादा दारूनं बार काढून तपासलीय याची खूण.

मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी असं दिसलं तर बर्मिंगहॅम प्रूफ हाऊस, आणि बंदूक १९०४ नंतर तपासलेली. मुकुटाखाली बीएनपी असेल तर १९५४ नंतरची तपासणी. दोन राजदंड एकमेकांवर फुलीसारखे आणि आजूबाजूला बी, सी, पी अशी अक्षरं असतील तर १९०४ च्या आधीची. जीपी ही एकात एक गुंतलेली अक्षरं असतील तर लंडन. नळीवर "नॉट फॉर बॉल" लिहिलं असेल तर ती १८७५ ते १८८७ मधली, चोक असलेली, म्हणजे तोंडाकडं जराशी निमुळती नळी. आणि अंड्याच्या आकारात ईएलजी आणि खाली चांदणी दिसली तर भाऊ, तुमची बंदूक इंग्लंडची नाही, बेल्जियमच्या लिएज गावात तपासलेली आहे. अंड्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. बेल्जियमवाल्यांनी नावांची जबरदस्त नक्कल केली, वेस्टली रिचर्ड्सच्या ऐवजी नुसतं डब्ल्यू. रिचर्ड्स, कुठं जे. मॅन्टन. वरून नाव वाचून लोक खूश, खालून ईएलजी.

मॅन्टनचं वेगळं सांगतो कारण वाद सगळ्यात जास्त त्याच्यावर होतात. जोसेफ मॅन्टन हा लंडनचा नामांकित कारागीर १८३५ साली वारला. त्याच्या हयातीत बंदुका ठासणीच्या, पुढून दारू भरायच्या. आपण आज वापरतो तसलं मागून भरायचं सेंटरफायर काडतूस १८६० च्या दशकात आलं. मग तुमच्या मोडून उघडणाऱ्या काडतुसाच्या बारा बोअरवर मॅन्टन लिहिलंय तर ती त्यानं बनवलेली असूच शकत नाही, ती कलकत्त्याच्या दुकानाची किंवा नक्कल. दुकानाची असेल तरी वाईट नाही, पण "खुद्द मॅन्टनच्या हातची" हे सांगून किंमत मागायची नाही.

आणखी फसवणारी अक्षरं असतात. "क्रुप" किंवा "व्हिटवर्थ" लिहिलेलं दिसलं की लोक म्हणतात जर्मन गन, तर ते नळीच्या पोलादाचं नाव आहे. "ॲन्सन अँड डीली" हे आतल्या यंत्रणेचं पेटंट, १८७५ चं, शेकडो कारखान्यांनी वापरलं. हत्तीचा छोटा शिक्का दिसला तर ती हत्ती मारायची बंदूक नव्हे, तो डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरचा ट्रेडमार्क. पंख असलेली गोळी म्हणजे वेब्ली, तीन रायफली एकत्र उभ्या म्हणजे बीएसए, हे दोन्ही इंग्लंडचेच कारखाने. दुकानाच्या नावाच्या बंदुकीवर असला कारखान्याचा शिक्का आतल्या बाजूला मिळाला तर लॉटरीच समजा, कारण मग बनवणारा पक्का कळला. आर्मी अँड नेव्हीचा बराच माल वेब्ली अँड स्कॉटसारख्या कारखान्यांतनं यायचा. त्यांच्या बंदुकीवर "सी. एस. एल." असेल तर ती १९३४ च्या आधीची, कारण त्यानंतर को-ऑपरेटिव्ह सोसायटी जाऊन स्टोअर्स झालं. त्यांच्या गन रजिस्टरच्या वह्या स्कॉटलंडला ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हमध्ये जपून ठेवल्यात, नंबर देऊन चौकशी करता येते.

रायफलीचं थोडक्यात सांगतो. तिथंही नळीवर दुकान आणि मधला ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-उडवायची यंत्रणा, बहुतेक वेळा माऊझरचा असतो. कॅलिबर, म्हणजे रायफलीच्या भोकाचं माप, नळीवर वाचा आणि लायसन्सवरच्या नोंदीशी ताडून बघा. इथं .३१५ आणि .२२ जास्त दिसतात. .३१५ वर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचा शिक्का असेल तर ती आपली सरकारी, तिला अँटिक म्हणून कुणी जादा देणार नाही. .३०३ असेल तर ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर मनाई असलेलं माप, तिथं किंमत बिंमत विसरा, आधी कागद बघा.

आता नळी कसली आहे ते बघा, कारण किंमत आणि जीव दोन्ही त्याच्यावर आहे. फोरएंडच्या खाली झाकलेल्या भागात नळीवर लाटांसारखी, वेटोळ्यांची नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली. वरून काळा रंग मारला असेल तर दिसत नाही, खालीच बघायचं. ही काळ्या दारूच्या जमान्यातली. नायट्रो प्रूफचा शिक्का, म्हणजे वर सांगितलेलं एनपी किंवा बीएनपी, आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याची खूण, नसेल तर आजचं खडकी फॅक्टरीचं काडतूस तिच्यात घालायचं नाही, अजिबात नाही, मग शेजारचा "आमी कायम मारतो" म्हणू दे. दुसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी. जुन्या इंग्लिश बारा बोअर बहुतेक अडीच इंची म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरच्या. ७० चं काडतूस तिच्यात आरामात बसतं कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, पण बार झाल्यावर तोंड उलगडायला जागा नसते आणि आतला दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं हा हिशोब इथं लागू नाही.

कंडिशन बघायला सोप्पं आहे. सुटी केलेली नळी खालच्या हुकाला बोटावर लटकवून नखानं टिचकी मारा, घंटेसारखा आवाज आला तर मधली पट्टी घट्ट, बद्द आवाज आला तर पट्टीची झाळ कुठंतरी सुटलीय. नळीतनं उजेडाकडं बघा, आतली सावलीची वर्तुळं एका जागी मोडली तर तिथं पोचा आहे. काळे खड्डे म्हणजे गंजानं खाल्लेलं. मग फोरएंड न लावता बंदूक जोडून बंद करा आणि हलवा, नळी लटपटली तर सांधा झिजलाय. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूच्या बंदुकांना गंज जास्त, पावसाळा चार महिने घरात शिरतो. जत, आटपाडी, माण तालुक्याकडच्या बंदुकांचं लोखंड बरं असतं पण दस्ता वाळून तडकलेला, आणि त्याला सुतारानं पितळी पट्टी ठोकलेली. नंबर तीन ठिकाणी बघा, नळीवर, चापाच्या कड्याच्या शेपटीवर आणि फोरएंडच्या लोखंडावर. तिन्ही जुळले तर अस्सल जोड. आणि कृपा करून विकायच्या आधी नवा काळा रंग, नवं पॉलिश करू नका, जाणकार गिऱ्हाईक त्याचेच पैसे कापतो.

किंमतीचं म्हणाल तर लंडनच्या लिलावाचे आकडे बघून पौंडाला रुपयांनी गुणायचं बंद करा. शंभर वर्षांच्या वरची वस्तू पुराण वस्तू ठरली तर १९७२ च्या कायद्यानं देशाबाहेर नेताच येत नाही, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक इथलंच. आणि इथलं गिऱ्हाईक म्हणजे लायसन्स असलेलं आणि त्याच्या लायसन्सवर जागा शिल्लक असलेलं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेलं धरून दोन. तिसरी लोकांना काढावीच लागली, त्यामुळं माल जास्त आणि घेणारे कमी. दुसऱ्या बाजूनं परदेशी बंदूक आयात करणं साध्या माणसाला जवळपास बंदच असल्यानं चांगल्या इंग्लिश बंदुकीला मान अजून आहे.

मी असा हिशोब लावतो: डीलरकडं सरकारी ऑर्डनन्स कारखान्याच्या नव्या दुनळीची आजची किंमत विचारायची आणि तो पाया धरायचा. पोलादी नळी, नायट्रो प्रूफ, घट्ट सांधा, जुळणारे नंबर आणि कारखाना कळलेला असेल तर त्याच्या वर जायचं. रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर असेल, साइडलॉक, म्हणजे बाजूच्या पट्टीवर बसवलेली चापाची यंत्रणा, असेल तर अजून वर. दुकानाचं लेबल असलेली मूळ चामडी पेटी, साफ करायच्या काड्या, जुनं बिल हे सगळं असेल तर तो वेगळाच भाव, पेटी टाकून देऊ नका, तिच्यात लोक पापड ठेवतात. बेल्जियमची साधी, बाहेर घोडा (हॅमर) असलेली बंदूक, डमास्कस नळी, तडकलेला दस्ता असं असेल तर पायाच्या बरंच खाली, शोभेची म्हणूनच. आणि शोभेची म्हणजे भिंतीवर लावून मोकळं असं नाही हं. दुरुस्त करूनही बार निघणार नाही असल्या जुन्यापुराण्या हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते ठरवणारे आपण नाही, आर्म्स ब्रांचला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा.

कोयना, सागरेश्वर अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर लायसन्सधारकाला वनखात्याकडं पण नाव नोंदवावं लागतं, वन्यजीव कायद्याचं कलम ३४. विकत घेणाऱ्यानं हे आधी बघावं. आणि दोन लायसन्सवाल्यांनी आपसात व्यवहार करायचा असेल तर विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे, मगच बंदूक हातात द्यायची. तोपर्यंत विसार घेतला तरी ठीक, पण "तू घेऊन जा, कागद मागनं करू" असं पाव्हण्यालासुद्धा म्हणायचं नाही.