एकाच कंपनीचे दोन ५५ इंची टीव्ही, किमतीत १४ हजारांचा फरक: या चुका टाळा

मागच्या वर्षी मावशीसाठी टीव्ही घ्यायला तिच्या यजमानांसोबत, म्हणजे काकांसोबत, साताऱ्याला गेले होते. दुकानात एकाच कंपनीचे दोन ५५ इंची टीव्ही शेजारी-शेजारी लावलेले. एक ४४ हजारांचा, दुसरा ५८ हजारांचा. दोन्हींच्या पाटीवर ‘४के, एचडीआर, गूगल टीव्ही, डॉल्बी’ असंच लिहिलेलं. “दोन्ही सेमच आहेत काका, हे जरा वरचं मॉडेल,” असं विक्रेता म्हणाला. त्यावर काकांनी विचारलं, “सेम आहेत तर १४ हजार कशाचे?” त्याला नीट सांगता आलं नाही. पण उत्तर असतं, आणि ते कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानातल्या झगमगाटावर भुलणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दुकानातले टीव्ही ‘स्टोअर मोड’वर असतात. उजेड पूर्ण वाढवलेला, रंग भडक, आणि चालू असतो तो कंपनीचाच व्हिडिओ: पोपट, फुलं, निळा समुद्र. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात त्यातला कुठलाही टीव्ही छानच दिसतो.

आम्ही रिमोट मागून घेतला आणि दोन्हींचा पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणला. मग घरून आणलेल्या पेन ड्राइव्हमधला रात्रीचा एक प्रसंग दोन्हींवर लावला. अंधारं माजघर, मध्ये समई. ५८ हजारांच्या टीव्हीवर ज्योत उजळ होती आणि भोवतीचा अंधार काळाच होता. ४४ हजारांच्या टीव्हीवर ज्योतीसोबत सगळं माजघरच करडं झालं, कोपऱ्यांत तर धुक्यासारखी पांढुरकी झाक आली.

किमतीतला फरक मुख्यतः इथे असतो. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागचे एलईडी दिवे तो पुरवतात. स्वस्त टीव्हीत हे दिवे एकदमच कमी-जास्त होतात. महागात ते गटागटाने मंद होतात, त्याला ‘लोकल डिमिंग’ म्हणतात. मिनी एलईडीत असे गट शेकड्यांनी असतात. ओएलईडीत तर प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखं वाटतं खरं, पण तो एलसीडीच आहे. रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा एक थर त्यात जास्त असतो, इतकंच. त्यामुळे नुसतं ‘क्यूएलईडी’ वाचून १० हजार जास्त मोजू नका. लोकल डिमिंग आहे का, ते विचारा.

‘एचडीआर’चंही, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त खुलवण्याच्या तंत्राचंही, तसंच. एचडीआर सिग्नल घेता येणं निराळं आणि तो दाखवण्याइतका उजेड पडद्यात असणं निराळं. अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) पडद्यावर एचडीआरचा शिक्का असला, तरी डोळ्यांना तो जाणवत नाही.

१२० हा आकडा तपासून न घेणं

“क्रिकेट बघता ना? मग १२० हर्ट्झच घ्या,” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो आकडा. आपल्याकडचे एचडी चॅनल १०८०आय, ५० हर्ट्झवर येतात. त्यात सेकंदाला १२० चौकटी (फ्रेम) नसतातच. १२०चा पॅनेल (म्हणजे पडदा) मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालू शकतो, काहींना ती गुळगुळीत हालचाल आवडतेही. पण त्याचा खरा फायदा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांना होतो. सेकंदाला २४ चौकटींचे सिनेमेही त्यावर समान ठेक्यात चालतात, कारण २४ पंचे १२०.

पाटीवर ‘मोशन रेट १२०’ किंवा ‘१२० डीएलजी’ असेल, तर पॅनेल बहुधा ६०चाच असतो. डीएलजीत उभी बारकाई निम्मी करून वेग वाढवलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ (पॅनेलचा स्वतःचा खरा वेग) काय दिलाय, तेवढंच खरं माना.

घरात बसतो कुठे, हे न बघणं

आपल्याकडे टीव्हीसमोर नीट मध्यभागी किती जण बसतात? मावशीच्या हॉलमध्ये दिवाण बाजूच्या भिंतीला आहे. काका त्यावर तक्क्याला टेकून तिरके बसतात. मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत बघते. नातवंडं खाली सतरंजीवर.

पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिकटतात. आयपीएसमध्ये काळा जरा करडा, पण तिरकं बसूनही रंग जवळपास तेच दिसतात. दुकानात आम्ही काकांना दिवाणाच्याच कोनात उभं केलं. ५८ हजारांच्या टीव्हीवरच्या बातमीदाराचा चेहरा तिथून पांढुरका दिसायला लागला. ४४ हजारांचा तसाच राहिला. आम्ही स्वस्त टीव्ही घेतला. हॉलची बैठक आणि दिवसा मालिका-बातम्या बघण्याची सवय पाहता योग्य तोच होता. रात्री दिवे मालवून समोर बसून सिनेमे बघणारं घर असतं, तर मी दुसराच घ्यायला लावला असता.

वाचलेल्या पैशांतून साउंडबार घेतला. दोन्ही टीव्हींना २० वॉटचेच स्पीकर होते, तेही खाली तोंड केलेले. साठीच्या पुढच्या माणसांना त्यातले संवाद नीट कळत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीतच वाढतं. घरात वयस्कर कुणी असेल तर याचा आधी विचार करा, कळकळीने सांगते.

मॉडेलचं वर्ष न ओळखणं

कधीकधी फरक नुसता वर्षाचा असतो. सोनीचा एक्स८०के २०२२चा, एक्स८०एल २०२३चा. एलजीत यूआर म्हणजे २०२३, यूटी म्हणजे २०२४. सॅमसंगचा सीयू २०२३चा, डीयू २०२४चा. साध्या श्रेणीत वर्षागणिक फारसं बदलत नाही, तिथे मागच्या वर्षीचा स्वस्तात मिळाला तर खुशाल घ्या. पण एक्स८०एल आणि एक्स९०एल हे एकाच वर्षाचे असूनही वेगळे. पहिला ६० हर्ट्झचा, दुसरा १२०चा आणि लोकल डिमिंगवाला. नावात एकाच आकड्याचा फरक. म्हणून बिलावरचा आणि खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर ताडून पाहा.

‘४० टक्के सूट’ कोणत्या किमतीवर, हेही बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. नुसत्या त्यानेच किंमत ८ टक्क्यांच्या आसपास उतरते. जुन्या छापील किमतीशी तुलना केली, तर करातली ही कपातही दुकानाच्या सवलतीत मोजली जाते.

तेवढ्याच पैशांत साधा ६५ इंची मिळत असेल तर? त्याचा पडदा क्षेत्रफळाने ५५पेक्षा ४० टक्के मोठा असतो. बसण्याची जागा साडेआठ-नऊ फुटांवर असेल तर विचार करा. सात फुटांवर ५५ पुरे.

घरी आणल्यावर ‘चित्र बेकार आहे’ म्हणून परत न्यायला निघणं

दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन आला. “अगं, जुन्यावर बरं दिसायचं. यात सगळे चेहरे पुसट.” जाऊन मागे पाहिलं, तर बसवून देणाऱ्याने जुना सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनेच जोडला होता. बॉक्स एचडी होता, एचडीएमआय केबल मात्र कपाटात पिशवीतच पडून. केबल बदलली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडलं आणि केबलवाल्याकडून झी मराठी व स्टार प्रवाहचे एचडी चॅनल चालू करून घेतले. ५५ इंचांवर एसडी चॅनल कितीही महाग टीव्हीत पुसटच दिसणार.

चेहरे गुळगुळीत आणि सिनेमा मालिकेसारखा वाटत असेल, तर ‘मोशन’ नावाचं सेटिंग बंद करा. चित्र मधूनच अंधारत असेल, तर वीजबचतीचा मोड किंवा लाइट सेन्सर चालू असतो. रंग आपोआप पुन्हा भडक होत असतील, तर टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्येच राहिलाय, सेटिंगमध्ये ‘होम’ निवडा. साउंडबारचा आवाज येत नसेल, तर केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच एचडीएमआय पोर्टमध्ये आहे का बघा, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला १५ एमबीपीएस वेग लागतो. त्यात टीव्हीचा दोष नाही.

भिंतीला भोकं पाडण्याआधी दोन-तीन दिवस टीव्ही स्टँडवरच चालवा. पेन ड्राइव्हमधून एक पूर्ण करडं आणि एक पूर्ण हिरवं चित्र पडदाभर लावा. मेलेला ठिपका करड्यावर चटकन दिसतो. उभे पट्टे किंवा डाग असतील तर ते हिरव्यावर कळतात, क्रिकेटच्या मैदानावर तेच कायम खुपत राहतात. बदलून देण्याची मुदत अनेकदा ७ ते १० दिवसांचीच असते, तोवर खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.