क्वार्टरबॅक कसा जोखावा? आधी निकाल झाका

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानात अकरा जण असतात, संघात ५३. पण जिंकल्या-हरल्याची नोंद चिकटते ती क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चढाईत चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, नावाला. १९९९ साली चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध सचिनने १३६ काढले आणि भारत १२ धावांनी हरला, ती हार सचिनच्या खात्यात टाकण्यासारखंच हे. (टाकणारे आपल्याकडेही आहेत म्हणा.)

तर पहिलं काम म्हणजे निकालावर हात ठेवायचा आणि कागद-पेन्सिल घ्यायची. क्वार्टरबॅकने पासमधून मिळवलेले यार्ड, म्हणजे संघ पुढे सरकला ते अंतर, लिहा. प्रत्येक टचडाउन पासचे (ज्यावर चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचून गुण मिळतात) २० मिळवा. प्रतिस्पर्ध्याने पास पकडला असेल, म्हणजे इंटरसेप्शन, तर प्रत्येकी ४५ वजा करा. पास टाकायच्या आत त्याला आडवं केलं, म्हणजे सॅक झाला, तर त्यात गेलेले यार्डही वजा. उरलेल्या आकड्याला एकूण पास अधिक सॅक यांनी भागा.

करून बघू. फेब्रुवारी २०१८चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना: टॉम ब्रेडी, ४८ पास, ५०५ यार्ड, ३ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य, एक सॅक ५ यार्डांचा. ५०५ + ६० − ५ = ५६०; भागिले ४९, म्हणजे ११.४. आता फेब्रुवारी २०१६चा सुपर बोल: पेटन मॅनिंग, २३ पास, १४१ यार्ड, टचडाउन पास एकही नाही, एक इंटरसेप्शन, पाच सॅकमध्ये ३७ यार्ड गेले. १४१ − ४५ − ३७ = ५९; भागिले २८, जेमतेम २.१.

आता हात काढा. ११.४ वाला ३३-४१ असा हरला, २.१ वाला २४-१० असा जिंकला.

असं का, ते दुसऱ्या पायरीत कळतं: बचावाला वेगळे खेळाडू उतरतात, तेव्हा क्वार्टरबॅक बाकावर बसलेला असताना काय झालं ते बघा. डेन्व्हरच्या बचावफळीने मॅनिंगचा सामना काढून दिला. सामनावीर ठरला तो बचावपटू व्हॉन मिलर. ब्रेडीच्या बचावफळीने मात्र ५३८ यार्ड दिले, आणि त्याच्या संघाच्या किकरने एक सोपा फील्ड गोल (किकने मिळणारे तीन गुण) आणि एक एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरच्या किकचा एक गुण) घालवला.

पण हे सूत्र आंधळं आहे, म्हणून सामन्याची चित्रफीत बघाच. ब्रेडीच्या त्याच सामन्यात सुमारे सव्वादोन मिनिटं उरली असताना प्रतिस्पर्धी बचावपटू ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला आणि सामना तिथेच फिरला. आपल्या हिशेबात त्याचे गेले फक्त ५ यार्ड! चेंडू हातातून निसटण्याला सूत्रात जागाच नाही. दोष ब्रेडीचा की त्याला राखणाऱ्या साथीदारांच्या भिंतीचा, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

एका सामन्यावरून मत बनवू नका, निदान १७ सामन्यांचा मोसम घ्या. दहा-पंधरा वर्षं कुणी जिंकतच राहिला, तर मात्र त्या विजयांनाही वजन द्यायला माझी हरकत नाही.

सरावासाठी २०२४ मोसमातला क्वार्टरबॅक जो बरो घ्या: पासचे ४,९१८ यार्ड, ४३ टचडाउन, दोन्हीत लीगमध्ये पहिला, त्याचा संघ सिनसिनाटी मात्र ९ विजय, ८ पराभव, प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) हुकले. ऑक्टोबरात बाल्टिमोरविरुद्ध त्याने पाच टचडाउन पास टाकले. जादा वेळेत फील्ड गोलसाठी चेंडू नीट टेकवला गेला नाही, किक हुकली, आणि संघ ३८-४१ हरला. पण चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचाही एक पास बाल्टिमोरने पकडला होता. त्याचे ४५ वजा करायला विसरू नका.