मेथी निवडता निवडता सांगायची गोष्ट

माझा मुलगा गे आहे, हे मी शेजाऱ्यांसमोर पहिल्यांदा बोलले ते सोसायटीच्या वार्षिक सभेत. तुम्ही असं करू नका.

आमची बिल्डिंग मीरा रोडची. मजल्यावर चार दारं, चार दारांत चार भाषा. तिसऱ्या मजल्यावर दोन मुलं भाड्याने राहायची. सभेत कोणीतरी म्हणालं, "तसल्यांना जागा कशाला द्यायची?" माझं डोकं फिरलं, उभी राहिले आणि बोलून गेले. सगळे गप्प. मग सेक्रेटरी म्हणाले, "टाकीच्या साफसफाईचा विषय घेऊया."

घरी मुलगा भडकला. "माझी गोष्ट तू तीस लोकांना सांगितलीस, मला विचारलंस का?" त्याचं बरोबर होतं. म्हणून आधी मुलाला किंवा मुलीला विचारा: कोणाला सांगू, किती सांगू, कोणाला अजिबात नको. आपल्या तोंडून गेलेली बातमी त्यांच्या ऑफिसपर्यंत पोचू शकते.

ते ठरलं की एकेक दार धरा. चार जण जमले की प्रत्येक जण बाकी तिघांसाठी बोलतो. आणि हात कामात असू द्या. समोरच्या गुजराती भाभींना मी मेथी निवडताना सांगितलं. नजर जुडीवर असली की अवघड वाक्यही निघतं. 'समलैंगिक' हा शब्द मी टाळते. त्यातल्या 'लैंगिक'ला लोक पंख्याकडे बघायला लागतात. मी म्हटलं, "त्याला मुलगे आवडतात. एक जोडीदार आहे, डोंबिवलीचा."

भाभींनी तीन काड्या निवडल्या. मग, "डॉक्टरला दाखवलं?"

हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं सांगितलं. "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं. मी भाभींना एवढंच म्हटलं, "दाखवलं ना. झोपेची गोळी मलाच मिळाली." त्या हसल्या. पुढचं सोपं गेलं.

धर्मावर वाद घालू नका. वरच्या आपा म्हणाल्या, "हमारे यहाँ ये गुनाह है." मी म्हटलं, "तुमच्या श्रद्धेत मी पडत नाही. जिन्यात तो सलाम करतो, त्याला जवाब द्याल ना?" त्या काही बोलल्या नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा नेहमीसारखा आला. मत बदललं का, हे मी विचारलं नाही.

आपल्या माणसांशी मात्र जास्त जपून. एक मराठी काकू मदतीच्या हेतूने शिखंडी आणि अर्धनारीनटेश्वर घेऊन आल्या. त्यात गल्लत आहे. माझा मुलगा पुरुष आहे, स्वतःला पुरुषच मानतो; प्रेम पुरुषावर करतो, एवढंच. हे खालच्या आवाजात सांगावं लागतं, कारण बिचाऱ्या आपल्या बाजूने बोलत असतात. "हे परदेशी फॅड" म्हणणाऱ्याला मात्र सांगायचं की परदेशी होतं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

खालचे काका बँकेतून निवृत्त. भावनेचं बोलणं त्यांना जमत नाही.
"मग लग्न?"
"कायद्याने नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे."
"मग जॉइंट खातं? नॉमिनी?"
"चालतं. २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलंय, दोन्हीला मनाई नाही."
काकांनी चष्मा लावला. अर्धा तास आम्ही नॉमिनेशन फॉर्मवर बोललो. जाताना म्हणाले, "जोडीदाराचं पूर्ण नाव आधारप्रमाणे लिहायला सांग." या बिल्डिंगीत 'जोडीदार' हा शब्द माझ्याशिवाय पहिल्यांदा त्यांनी उच्चारला.

शिवी मात्र ऐकून घ्यायची नाही. जिन्यात पोरं 'छक्का' ओरडली, तर त्याच संध्याकाळी आईला गाठायचं. तक्रारीच्या सुरात नको, पण गाठायचंच.

स्वतः आधी मोकळं व्हायचं असेल, तर शेजारी ही जागा नव्हे. मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचा गट आहे, समलिंगी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. रडणं तिथे उरकून मग दारं वाजवा.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघांना माझ्या भाषणाचा काडीचा उपयोग झाला नाही. भाऊ होते, मित्र होते की आणखी कोणी, मी विचारलं नाही. अकरा महिन्यांचा करार संपला, नवा झाला नाही. यंदाच्या सभेआधी मी नऊ दारं फिरून आले. भाडेकरूंचा विषय सहावा आहे, टाकीच्या आधी.