अँथ्रॅक्सच्या रक्तनमुन्यातून जिवाणूची प्रथिने ओळखताना

नमुना बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीच्या उच्च सुरक्षेच्या) प्रयोगशाळेत निष्क्रिय करून, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आणि निर्जंतुकतेची खात्री पटल्यावरच बाहेर काढावा. नुसत्या उकळण्यावर भिस्त ठेवू नये. बीजाणू चिवट असतात.

सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) थेट जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चालवणे ही हमखास फसगत. संरक्षक प्रतिजन (पीए, अँथ्रॅक्सच्या विषाचा एक घटक) ८३ किलोडाल्टनचे (प्रथिनाच्या वजनाचे एकक) असते, पण शरीरात फ्युरिन हे विकर त्याचे तुकडे करते. उरतो ६३ चा तुकडा, आणि तो नेमका ६६ च्या अल्ब्युमिनच्या जाड पट्ट्याखाली झाकला जातो. म्हणून आधी पीएविरोधी प्रतिपिंड लावलेल्या चुंबकीय मण्यांवर प्रथिन पकडावे. पीए-६३ ला चिकटलेला विषाचा घातक घटकही (एलएफ) बहुधा सोबतच येतो.

मग ८ टक्के जेल. ९० च्या आसपास पट्टा दिसला की लगेच एलएफ म्हणून मोकळे होऊ नका. विषाचाच इडीमा (सूज आणणारा) घटक ८९ चा असतो आणि जिवाणूच्या पृष्ठभागावरची सॅप व ईए-१ ही प्रथिनेही तिथेच घुटमळतात. पट्टा कापून प्रथिनातील गंधकबंध तोडणारे डीटीटी (१० मिलिमोलर, ५६ अंश, ३० मिनिटे), अंधारात ते बंध पुन्हा जुळू न देणारे आयोडोअ‍ॅसिटामाइड, मग ३७ अंशांवर रात्रभर प्रथिनाचे तुकडे (पेप्टाइड) करणारे ट्रिप्सिन, आणि शेवटी तुकड्यांचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. हातमोजे न घातल्यास त्वचेतील केराटिनच केराटिन दिसेल.

शोधाच्या डेटाबेसमध्ये मानवी प्रथिने घालाच, नाहीतर मानवी पेप्टाइड जिवाणूच्या नावावर खपतात. एफडीआर (चुकीच्या ओळखींचे प्रमाण) १ टक्का, प्रत्येक प्रथिनाचे किमान दोन अनन्य पेप्टाइड. अँथ्रॅक्सच्या जवळच्या नात्यातील बॅसिलस सीरियस या जिवाणूशी जुळणारे पेप्टाइड पुरावा म्हणून धरू नयेत. कॅप्सूल (जिवाणूभोवतीचे आवरण) या पद्धतीने सापडणार नाही: ते डी-ग्लुटामिक आम्लाचे असल्याने ट्रिप्सिन त्याला कापत नाही.