गप्पीदास बघायचा कसा?

फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना भरतीची वेळ पाहूनच निघावं लागतं. गप्पीदास (सायबेरियन स्टोनचॅट) या चिमुकल्या पक्ष्याला ती अट नाही. तो चिखलात उतरत नाही, पाणथळीच्या कडेच्या गवताझुडपांत राहतो. ऑक्टोबर ते मार्च कधीही या, फक्त सकाळी लवकर या. नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावाकडून टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकडे निघालात की ऊन पाठीशी राहतं आणि रंग नीट दिसतात.

जमिनीवर शोधू नका, शेंडे बघा. घाणेरीचं टोक, पाणकणसाची वाळकी काडी, कुंपणाचा खांब. चिमणीहून लहान पक्षी तिथे ताठ बसलेला आणि शेपटी सारखी झटकताना दिसला, तर थांबा. एकावर एक दोन खडे आपटावेत तसा 'चक् चक्' आवाज आला, तर तोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: त्याच्या मागे जायचं नाही. तो खाली झेप घेतो, किडा उचलतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर नाहीतर शेजारच्या काडीवर परत येतो. दुर्बीण काडीवर लावून ठेवा. लोक दोन पावलं पुढे सरकतात आणि पक्षी घालवून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. मोबाइलवर त्याचा आवाज तर मुळीच वाजवू नका. बिचारा सायबेरिया-मध्य आशियाकडून इथे पोट भरायला आलेला असतो.

नोव्हेंबरात नर ओळखताना गोंधळ होतो. नव्या पिसांच्या कडा भुऱ्या असतात, त्यामुळे डोकं मळकट दिसतं. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काळं डोकं, मानेच्या बाजूला पांढरा ठिपका, नारिंगी छाती असं खरं रूप उघडं पडतं. मी म्हणेन, पहिल्यांदा येणाऱ्याने फेब्रुवारीतच यावं.

मादी भुरकट, पाठीवर रेघा. इथेच तिचा एक भाऊबंद असतो, पाइड बुशचॅट, त्याचा नर काळा कुळकुळीत आणि पंखावर पांढरा पट्टा. त्याची मादी मात्र फसवते. उडताना कंबर बघा: तांबूस असेल तर ती या भाऊबंदाची, फिकट असेल तर आपली.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका, नर की मादी तेही लिहा. गवताला पडीक समजून कुणी राडारोडा टाकताना दिसलं तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा. ते गवत गेलं की किडे जातात, मग हा बसणार कशासाठी?