पहिली पोक्सो केस: आईला कधी विचारू नये असा प्रश्न

बालकल्याण समितीने सपोर्ट पर्सन (तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला राहणारी व्यक्ती) म्हणून पहिली केस दिली की तुम्ही पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, पुन्हा वाचायला घ्याल. जरूर वाचा. मी मात्र कलमं पाठ असूनही आपटले.

आरोपी घरातलाच होता. मुलीने शाळेत बाईंना सांगितलं, तक्रार झाली, मला नेमलं. पहिल्याच भेटीत मी आईला विचारलं, "इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" आवाज चढवला नव्हता, काळजीपोटीच विचारतेय असं मला वाटत होतं. आई गप्प झाली. मुलगी आतल्या खोलीत होती, दार अर्धं उघडं. दोन दिवसांनी मॅजिस्ट्रेटसमोर तिने सांगितलं, "मी खोटं बोलले होते."

यावर जरा लांबण लावते, कारण प्रशिक्षणात हे अर्ध्या मिनिटात उरकतात. गुन्हा परक्याने केला असेल तर बहुतेकदा घर मुलाच्या पाठीशी उभं राहतं. घरातल्याने केला की घरात दोन तट पडतात आणि ते आपल्या बोलण्यामुळे पडले असं मुलाला वाटतं. कधी त्याच माणसावर त्याचा जीवही असतो. अशा वेळी मूल सतत आईचा चेहरा वाचत असतं. आणि आईच्या डोक्यात काय चाललेलं असतं? घरभाडं, सासरचे, धाकट्याची फी, आता जायचं कुठे. त्यात माझा प्रश्न म्हणजे सरळ आरोपच. आईने मान खाली घातली, ती मुलीने पाहिली. आईला हे आपल्यामुळे ऐकावं लागलं, असं तिने ठरवून टाकलं आणि जबाब फिरवून आईची सुटका केली. जबाब फिरला म्हणजे आधीचं सगळं खोटं, असं पोलीस समजतात, कधी नातेवाईकही. निदान तुम्ही समजू नका.

तेव्हा आधी आईचं "जायचं कुठे" सोडवायला घ्या. पोक्सोच्या 2020 च्या नियमांतला नियम 8 बघा: अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती पैशांची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्यात ते द्यायचे असतात. खेटे तुम्हालाच घालावे लागतील. अंतरिम भरपाईसाठी निकालाची वाट पाहायची नसते, एफआयआरनंतर कधीही विशेष न्यायालयात अर्ज करता येतो. आरोपी त्याच घरात राहत असेल तर पोलिसांनी 24 तासांत मुलाला समितीपुढे आणायचं आणि समितीने 3 दिवसांत त्याच्या ताब्याचं ठरवायचं. इथे "ठेवा संस्थेत" हा शॉर्टकट हमखास पुढे येतो. मला त्याची चीड आहे. गुन्हा त्याचा आणि घर सोडायचं मुलाने! कधी खरंच दुसरा इलाज नसतो, मान्य. पण आधी आजी, मावशी, कुणी विश्वासाचं आहे का ते शोधा.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका. कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, वचन मोडलंत की तुम्हीही त्या बाकीच्या मोठ्यांतलेच.

एक अनुभवी बाई मला सांगायच्या, मुलाच्या डोळ्यांत बघितलं की खरंखोटं कळतं. नाही कळत. मी शिकले ते दुसऱ्याच एकीकडून. त्या कोर्टाच्या व्हरांड्यात मुलांशेजारी बसून चित्रं रंगवायच्या, घटनेचा शब्दही काढायच्या नाहीत. खोदून विचारणं आपलं कामच नाही. जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, तोही गणवेश न घालता. मूल स्वतःहून बोललं तर ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "मग त्यांनी असं केलं का?" हे तोंडातून निघालं की बचावाच्या वकिलाला आयतं मिळालं.

खटला वर्षभरात संपवावा असं कलम 35 म्हणतं, पण "शक्यतो". त्या एका शब्दात किती तारखा मावतात ते कळेलच. सुरुवातीला झोप उडेल. माझीही उडाली होती, परत आली. मुलाची ओळख न सांगता कुणाशी तरी बोलत राहा, एकटीने गिळू नका.

त्या घरी मी पुन्हा गेले, माफी मागितली. आई "बरं" एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी महिने मी फक्त कागद पोचवत राहिले, विचारलं काहीच नाही. मग एका संध्याकाळी तिचा स्वतःहून फोन आला: साक्षीच्या तारखेलाच मुलीचा गणिताचा पेपर आहे, तारीख बदलून मिळेल का? त्याच रात्री अर्ज लिहायला बसले.